नदीची निर्गुडी

रुद्राणी हट्टाला पेटली की तिच्या बापाचंही काही चालायचं नाही. चन्नप्पा बीडच्या बाजारात किराणा दुकान चालवणारा माणूस, गिऱ्हाइकाला गप्प करायला त्याची एक भुवई पुरायची. पण लेकीनं गोडेतेलाचे रिकामे डबे मागितले, तेव्हा भंगारवाल्याला आल्या पावली परत धाडून त्यानं ते मुकाट परसात नेऊन ठेवले. दुकानात त्याच महिन्यात थंड पेयाचा काचेचा फ्रीज आलेला. सगळी गल्ली तो बघायला येत होती, आणि ही बया मागं डब्यांत लावत काय होती, तर निर्गुडी! शेळीसुद्धा जिला तोंड लावत नाही, ती निर्गुडी!

कारण होती राधाकिशनकाकांची विहीर. काका म्हणजे चन्नप्पाचे जुने दोस्त. सिंदफणेच्या काठाला त्यांचं रान. दर पावसाळ्यात नदी काठ कुरतडत आली, आणि आता विहीर आणि नदी यांच्यामध्ये बैलगाडी उभी राहील एवढीच जागा उरली होती. काठ धरून ठेवायला गेल्या साली काकांनी तळ्याच्या बांधावरून निर्गुडीच्या काड्या आणून लावल्या, चांगल्या रुंद पानांच्या, तरारलेल्या. पहिल्याच पुरानं त्या झाडून सगळ्या नेल्या.

"काका, नदीतल्या गोट्यांत वाढते ती निर्गुडी का नाही लावली?" रुद्राणीनं विचारलं होतं. ती औरंगाबादला वनस्पतिशास्त्र शिकत होती.

"ती उपाशी हाय गं. पानं बघ, काडीवाणी. झाड एकच, पर तळ्यावर खायला भेटलं तर गुटगुटीत झालं अन् गोट्यात वाळून गेलं. उपाशी झाड मी काहून लावू?"

रुद्राणीला हे मुळीच पटलं नाही. ती म्हणाली, "कूळ एक असलं म्हणून काय झालं? नदीतल्या निर्गुडीनं किती पिढ्या पूर सोसलाय! रुंद पानांची, ताठ काडीची होती ती केव्हाच वाहून गेली. अरुंद पानांची, वाकणारी तेवढी उरली, आणि तिचंच बी पुढं रुजलं. उपाशी असती तर पोट भरल्यावर पान रुंद झालं असतं. रक्तातलं असेल तर नाही होणार. मृगापर्यंत थांबा, दाखवते."

"दाखव. न्हाई जमलं तर मोटार काढून घेतो अन् विहीर नदीला सोडून देतो," काका म्हणाले. ती विहीर त्यांच्या आईच्या डोळ्यांदेखत खणलेली होती.

दिवाळीनंतर रुद्राणीनं दोन्हीकडच्या काड्या लावल्या. माती एकच, ऊन एकच. नदीच्या डब्यांवर तिनं चुन्याचं बोट ओढलं. पुढं परीक्षेसाठी औरंगाबादला निघाली, तेव्हा आईला, शिवम्माला, बजावलं, "अव्वा, प्रत्येकाला एकेक लोटा. कमी नाही, जास्त नाही. लाडकं-दोडकं करायचं नाही."

"एवढं कळतं मला," शिवम्मा म्हणाली.

कळत होतं म्हणे! ऐन उन्हाळ्यात रुद्राणी परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी परसात येते तर काय, अव्वा लिंगपूजा आटोपून तांब्याचं भांडं घेऊन उभी, आणि अभिषेकाचं पाणी चुन्याच्या डब्यांत ओततेय. फक्त चुन्याच्याच.

"अव्वा! हे काय चाललंय?"

"अगं, बिचारी किती वाळकी! शेजारची बघ कशी माजलीत. देवाचं पाणी पायदळी जाऊ नये, म्हटलं यांच्या मुखी पडू दे. सोमवारी त्यात दूधही असतं."

"रोज घालतेस?"

"तू गेल्यापासून रोज."

पाणी सारखं राहिलं नाही म्हणजे प्रयोगच राहिला नाही. "वाटोळं केलंस माझं," म्हणत रुद्राणी हमसून रडायला लागली. आणि नेमकी त्याच वेळी दारात काकांची लूना फटफटत आली.

काका डब्यांवर वाकले. "मी म्हणलो न्हवतो? ही बघ, अजून उपाशीच."

शिवम्मा ताडकन वळली. "उपाशी? तोंड सांभाळा, भाऊ! माझ्या हातचं देवाचं पाणी पिलीत ती रोज, वर दूध! त्या जाड्यांना लोट्यावर थेंब दिला नाही मी. माझ्या दारात कुणी उपाशी राहत नाही!"

रुद्राणीनं डोळे पुसले आणि मान वर केली. जास्त खाऊनही पान तसंच? अरुंदच?

काकांनी तळ्याची एक काडी वाकवली. कट्कन मोडली. मग नदीची वाकवली. तिचा शेंडा बुडाला टेकला, आणि सोडल्यावर ती सरळ झाली.

"खाऊनपिऊन बी अशीच हाय म्हंजी..." काका अडखळले.

"म्हणजे जन्मानंच तशी आहे," रुद्राणी म्हणाली. "पण माझे सर हे मानणार नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं. मी पुन्हा सगळं पहिल्यापासून लावणार."

"अन् माझी विहीर?"

"तिला कुठं थांबायला वेळ आहे? उद्याच नदीत उतरू."

मृगाच्या आत काठाला दाट निर्गुडी लागली, सगळी नदीची. श्रावणात सिंदफणा दोन्ही थड्या भरून आली, आणि काका रात्रभर विहिरीपाशी कंदील घेऊन बसले. पाणी ओसरल्याचा निरोप आला तशा मायलेकी पहिल्या एसटीनं निघाल्या. निर्गुडी चिखलानं माखून आडवी पडली होती, पण मुळासकट जागच्या जागी. काही शेंडे हळूहळू उठतही होते. काठ होता तिथंच होता. काका विहिरीच्या कठड्याला हात लावून उभे होते, डोळे लाल.

शिवम्मानं पिशवीतून तांब्याचं भांडं काढलं. देवाचं पाणी तिनं घरून सांभाळून आणलं होतं.

काकांनी हात जोडले. "वहिनी, आज नगा. लई पिलीत ती."