न धुतलेली लोकर

मुलांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा बघू. डोळे मिटायचे नाहीत, मिटले तर पुढचं वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच आणा. वाचनालयाचा जिना चढून गेलं की उजव्या हाताला लागणारी लांबट खोली. भिंतीकडेने लाकडी माग, पलंगाएवढे मोठे. फळ्यांवर लोकरीचे गुंडे, काही गुबगुबीत, काही एका बाजूने खचलेले. खिडकीखाली गाड्या लावायची जागा, तिथून मधूनच कुणीतरी कुणाला तरी ‘अजून मागे, अजून मागे’ म्हणून ओरडतंय. आणि खोलीत सारखं खट् खट्, खट् खट्. हा आवाज फणीचा. आडवा धागा टाकला की फणी पुढे ओढून तो आधीच्या धाग्याला चिकटवून बसवायचा असतो, म्हणजे कापड घट्ट होतं.

आली खोली? आता कोपऱ्यातल्या मागावर एका मुलीला बसवा. तिचे पाय खालच्या, पायाने दाबायच्या पट्ट्यांना पोचत नाहीत, ते लोंबकळू द्या.

या मुलीला घरीदारी सगळे शेपटी म्हणत. केसांमुळे नाही हं. ताई दुकानात गेली की ही मागे, ताई मैत्रिणीकडे गेली की ही मागे, ताई अंघोळीला गेली की ही दाराबाहेर उभी राहून गप्पा मारणार. ‘ताईची शेपटी’ म्हणता म्हणता नुसती शेपटी झाली. मग ताईला एका लांबच्या शहरात, मोठ्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली. ताई गेली आणि शेपटी मागे राहिली. आता नुसत्या शेपटीने करायचं काय?

ती खिडकीत बसून राहायची. शाळेतून आली की खिडकी, जेवली की खिडकी. ताई असताना दोघी तिथेच एका शालीत बसायच्या. एक टोक हिच्या खांद्यावर, दुसरं ताईच्या, आणि मधे दोघींच्या चार गुडघ्यांचा डोंगर. ती शाल ताई आठवण म्हणून सोबत घेऊन गेली होती. आईला ते बघवेना. एका शनिवारी तिने शेपटीचा हात धरला आणि तिला वाचनालयाच्या वरच्या खोलीत विणकामाच्या वर्गात नेऊन बसवलं.

वर्ग घेणाऱ्या बाई उंच, सडपातळ, आणि बोलायला अगदी हळू. शिकणारे सगळे मोठे. त्यांत एक निवृत्त बसड्रायव्हर होते, त्यांना सगळे ड्रायव्हरकाका म्हणत. त्यांनी शेपटीचे लोंबकळणारे पाय पाहिले आणि पुढच्या शनिवारी लाकडाचे दोन ठोकळे घेऊन आले.

“क्लचला पाय पोचला नाही तर गाडी कशी चालवणार?” असं म्हणत त्यांनी ते ठोकळे पायपट्ट्यांवर घट्ट बांधून दिले.

“मला गाडी नाही चालवायची, काका.”

“बघ हं. एकदा सुरू झालीस की हॉर्न मागशील.”

शेपटी पटकन शिकली. उभे धागे म्हणजे ताणा, ते आधी मागावर ताणून बसवायचे. आडवा जातो तो बाणा. धोटा, म्हणजे बाणा वाहून नेणारी लाकडी होडी, इकडून सोडायचा, तिकडून झेलायचा. पहिली पट्टी तिने विणली ती मधेच बारीक, मधेच रुंद, अजगराने ससा गिळावा तशी. दुसरी बरी झाली. मग बाईंनी विचारलं, “आता स्वतःचं काय विणणार तू?”

“शाल. दोघी मावतील एवढी.”

“दोघी कोण?”

“मी आणि ताई. सुट्टीला येणार आहे ती.”

बाईंनी फळीकडे हात केला. “घे मग. कुठला रंग हवा?”

“लोकर माझ्याकडे आहे,” शेपटी म्हणाली.

लोकर होती खरी, पण ती होती स्वेटरच्या रूपात. ताईचा मोरपंखी स्वेटर, कोपराला भोक पडलेला. तिकडे थंडी नसते म्हणून ताईने तो दाराच्या मागे खुंटीवरच सोडला होता. त्याला ताईचा वास येई. थोडा तिच्या क्रीमचा, थोडा लवंगेच्या गोळ्यांचा आणि थोडा असाच, ज्याला नाव नाही. शेपटीने आईला न विचारता तो बाहीपासून उसवायला घेतला. आई स्वयंपाकघरातून येऊन बघते तर पोर जमिनीवर, आणि भोवती मोरपंखी गुंता.

“अगं, हे काय आरंभलंस?”

“शाल.”

“मला ही शाल दिसत नाहीये. मला पसारा दिसतोय.” पण आई खाली बसली आणि धाग्याचा गुंडा करायला लागली. मधेच तिनेही गुंडा नाकाशी नेला.

उसवलेली लोकर तुम्ही पाहिली आहे का कधी? ती सरळ नसते. इतकी वर्षं टाके घालून बसलेली असते, त्यामुळे सुटली तरी वेटोळी धरून राहते, स्प्रिंगसारखी. बाईंनी धाग्याचं टोक दोन बोटांत धरून ओढलं, सोडलं. धागा टुणकन परत आला.

“ही धुवावी लागेल,” बाई म्हणाल्या. “कोमट पाण्यात भिजवायची, मग ओली असतानाच वजन बांधून टांगायची. वळ्या निघून जातात. मग ताणा लावू.”

“धुवायची नाही.”

“का गं?”

शेपटीने गुंडा पोटाशी धरला. “धुतली की वास जाईल.”

 बाई शेजारी स्टूल ओढून बसल्या. “मग असं करू. ही आडवी घाल, बाण्यात. उभे धागे वर्गातल्या राखाडी लोकरीचे घेऊ. बाण्यावर ताण येत नाही, तिथे वळ्या चालून जातील.”

“ताईचीच उभी हवी. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. आडवी नुसती येते नि जाते.”

“ऐक माझं. मागावर ताणलेली असेल तोवर ही लांब दिसेल. कापून काढलीस की आखडून घेईल.”

“नाही घेणार. मी खूप घट्ट ताणीन.”

“घट्ट ताणलं की जास्त आखडते, बाळ.”

पालथ्या घड्यावर पाणी. शेपटी हट्टाला पेटली होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, गुंड्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “बरं. मी सांगायचं ते सांगितलं. चल, ताणा लावायला दोघी लागतात.”

लांबी किती धरायची ते शेपटीने घरी ठरवलं. आईला तिने हाताला धरून खिडकीत बसवलं.

“मला कुकर बघायचाय,” आई म्हणाली.

“जरासं बस. तू ताईएवढीच आहेस.” शेपटीने दोरी घेऊन आपल्या कोपरापासून स्वतःच्या खांद्यावरून, पाठीवरून, आईच्या खांद्यावरून तिच्या कोपरापर्यंत नेली आणि तिथे गाठ मारली. माप झालं. आई तरी उठली नाही. कुकरची शिट्टी झाली तशी उठली.

मग शनिवारमागून शनिवार खट् खट् चाललं. वळीदार धागे त्रास देत. एकमेकांना बिलगत, सैल पडत, तटकन तुटत. शेपटी गाठी मारी आणि मागाची चाकी फिरवून ताण आणखी वाढवी. एकदा चाकी फिरेना तेव्हा ड्रायव्हरकाकांना बोलावलं.

“एवढी ताणलीस? सतार वाजवायची आहे का हिच्यावर?”

“फिरवा ना, काका.”

“फिरवतो. पण उडून लागली डोळ्याला तर मला नावं ठेवू नकोस.”

ताईचा फोन यायचा तेव्हा शेपटी गुपित पोटात ठेवायची. ताई विचारायची, “काय करतेस गं शेपटे?”

“काही नाही.”

“हल्ली फोनवर यायला वेळ नसतो म्हणे तुला. काही न करण्यात एवढी गुंतलीस?”

“तू कधी येणार?”

“रजा मिळाली की.”

“आणि कधी मिळणार?”

“तू माझ्या मेट्रनपेक्षा कडक आहेस.” मग मागून कुणीतरी हाक मारी आणि ताई घाईघाईने म्हणे, “ठेवते हं, ठेवते.” फोन बंद झाला तरी शेपटी तो कानाशी धरून ठेवायची. त्या बंद फोनमध्ये काय ऐकू यायचं ते तिलाच ठाऊक.

शेवटी रजा मिळाली. ताई सोमवारी सकाळी येणार होती. त्याच्या आदल्या शनिवारी शाल विणून पूर्ण झाली.

मागावर ती इतकी देखणी दिसत होती की सगळा वर्ग उठून बघायला आला. उभा मोरपंखी, आडवा राखाडी, पावसाळी तळ्यासारखा रंग. शेपटीने दोरी लावून बघितली. बरोबर गाठीपर्यंत. तिने बाईंकडे विजयी मुद्रेने पाहिलं. बाईंनी मोठी कात्री तिच्या हातात दिली. “तूच काप. जिने विणलं तिने कापायचं.”

शेपटीने कापायला सुरुवात केली. पहिले धागे सुटले ते मागे सरकले. पुढचे सुटले तेही. कात्री पलीकडच्या काठाला पोचली आणि सबंध शाल, कुणीतरी पाठीमागून ओढून घ्यावी तशी, आक्रसत मागे गेली. टेबलावर पसरली तेव्हा तिला चुण्या पडल्या होत्या, चेहरा पाडून बसल्यासारख्या. शेपटीने दोरी लावली. शाल अर्ध्याच्या थोडीशी पुढे संपली आणि उरलेली दोरी टेबलावरून खाली लोंबत राहिली.

ड्रायव्हरकाकांनी खोकल्यासारखं केलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

शेपटीने शाल खांद्यांवर घेतली. एक टोक इकडे, एक टोक तिकडे. तिच्या एकटीला ती अगदी बेतशीर बसली. तेच नको होतं. एकटीला बेतशीर असलेलं सगळं तिच्याकडे होतंच.

“बाई, ही एकीचीच झाली,” ती म्हणाली. रडली नाही, पण आवाज पार खाली गेला होता.

बाई ‘मी सांगितलं होतं’ असं म्हणाल्या नाहीत. त्यांनी शालीचा काठ हातात घेऊन हलकेच ओढला, सोडला. “लोकर अजून वळ्या धरून आहे. धागा कमी झालेला नाही, तो आत दडून बसलाय. आता भिजवली तर सैल होईल. मग ओलीच ताणून, कडेने टाचण्या लावून वाळवायची. उद्या संध्याकाळपर्यंत पंख्याखाली वाळेल.”

“पहिल्याएवढी होईल?”

“तेवढी नाही होणार. बरीच होईल. दोघींना जरा चिकटून बसावं लागेल.”

“आणि वास?”

“तो जाईल,” बाई म्हणाल्या. पोरांशी खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

शेपटीने शाल तोंडावर ओढून घेतली. आत मोरपंखी अंधार होता. तिने जोरात श्वास घेतला. मागाच्या लाकडाचा वास आला, खालच्या वाचनालयातल्या जुन्या पुस्तकांचा आला, स्वतःच्या हातांचा आला. त्यांच्या मागे, खूप आत, लवंग होती. की तिला तसं वाटलं? तिने पुन्हा घेतला. बाहेर बाई स्टुलावर बसून होत्या, आणि त्यांनी घाई केली नाही.

“काका,” शालीच्या आतून आवाज आला, “तिथे एक बादली आहे ना, मोरीत?”

“आहे की.”

“मोठी आहे?”

“तू बसशील तिच्यात.”

शेपटी बाहेर आली. नाक लाल झालं होतं. मोरीत जाऊन तिने बादली नळाखाली ठेवली. बाईंनी दारातूनच सांगितलं, “गरम नाही हं, कोमट. गरम पाण्यात लोकर घट्ट होऊन बसते, मग ती कुणाचंच ऐकत नाही.” शेपटीने पाण्यात कोपर बुडवून पाहिलं, थोडं गार पाणी सोडलं, पुन्हा कोपर बुडवून पाहिलं. मग बाह्या वर सारल्या, शालीची घडी केली आणि ती पाण्यावर ठेवली. शाल बुडेना, तरंगत राहिली. तेव्हा शेपटीने दोन्ही हात पसरून ती खाली दाबली, आणि बुडबुडे यायचे थांबेपर्यंत तशीच धरून ठेवली.