विषय : घरपोच दुधाचा रतीब

चौथ्या दिवशीही दाराच्या कडीला अडकवलेल्या कापडी पिशवीतून दुधाच्या दोन पिशव्या निघाल्या आणि चिठ्ठी गेली तशीच परत आली. रंगनाथराव गोवंड्यांनी ती उलटून पाहिली. मागची बाजू कोरी होती. खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली, तरी कोरीच.

"निकिता," त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून सांगितलं, "या माणसाला माज आलाय."

त्यांची सून निकिता एका हाताने केस सावरत आणि दुसऱ्या हाताने टोस्ट खात बाहेर आली. हिंजवडीची कंपनीची बस तिला पकडायची होती.

"कोणाला, बाबा?"

"उत्तरेश्वरला. आपल्या दूधवाल्याला. चार दिवसांत चार पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर नाही."

"पण दूध आलंय ना?"

"तेच तर म्हणतोय. दोन आल्या आहेत. मी लिहिलंय एक."

निकिताने फ्रिज उघडला आणि बंद केला. आत दुधाशिवाय काही दिसत नव्हतं. चेतन, म्हणजे तिचा नवरा, कामासाठी महिनाभर बंगळूरला गेला होता. सासूबाईंची बहीण मुक्ताई लोणी काळभोरला न्हाणीघरात घसरून पडली, पाय मोडला, म्हणून ललिताबाई होत्या त्या साडीत तिकडे धावल्या होत्या. घरात माणसं दोन, त्यातली एक काळी कॉफी पिणारी.

"दाखवा बरं, काय लिहिलंय," निकिता म्हणाली.

रंगनाथरावांनी चिठ्ठी पुढे केली. चिठ्ठी म्हणायची एवढंच. फुलस्केप कागद होता.

"विषय : दैनंदिन दूध पुरवठ्यात तात्पुरती कपात करणेबाबत. संदर्भ : माझी दि. ४, ५ व ६ ची पत्रे (अनुत्तरित). महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, माझी पत्नी सौ. ललिता ही अपरिहार्य कारणास्तव परगावी गेली असल्याने..." असं करत करत अकराव्या ओळीत 'एक पिशवी' हा शब्दप्रयोग आला होता. खाली सही, तारीख, आणि 'तिसरा मजला' असा हुद्दा.

"बाबा, 'एकच द्या' एवढं लिहिलं असतंत तर?"

"ती चिठ्ठी झाली. पत्र नाही."

आता या गृहस्थांविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्यांना नुसते विक्षिप्त समजाल. रंगनाथरावांनी चौतीस वर्षं एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात काढली. आलेलं पत्र नोंदवायचं, गेलेलं पत्र नोंदवायचं. बदल्यांची, बढत्यांची, चौकशांची, कुणाच्या तरी आयुष्याची उलथापालथ करणारी हजारो पत्रं त्यांच्या हातून गेली. त्यांतलं एकही त्यांनी लिहिलेलं नव्हतं आणि एकही त्यांना आलेलं नव्हतं. निवृत्तीचा आदेश तेवढा त्यांच्या नावाने आला, तोही त्यांनी स्वतःच नोंदवून घेतला.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात दुधाची एक पिशवी फुटलेली आली. त्यांनी उत्तरेश्वरला आयुष्यातलं पहिलं पत्र लिहिलं आणि रात्री कापडी पिशवीत ठेवलं. आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी मागच्या बाजूला पेन्सिलीने, वाकड्यातिकड्या अक्षरात उत्तर आलं : 'बरं.' तेव्हापासून अकरा वर्षं हा पत्रव्यवहार चालू होता. पुरवठ्याची वेळ, पिशवी अडकवण्याची पद्धत, कोजागरीचं जादा दूध, भेसळीसंबंधी वर्तमानपत्रात आलेल्या बातमीवर खुलासा मागवणे, असे सगळे विषय झाले. सगळ्यांना एकच उत्तर. पण उत्तर. रंगनाथराव ते सकाळी बायकोला वाचून दाखवत. "माणूस फार शिकलेला नसावा," ते म्हणत, "पण पत्राची दखल घेतो. आमच्या कचेरीत भल्याभल्यांना हे जमलं नाही."

ललिताबाई पोळी उलटत "हं" म्हणत.

खरं तर दूध घरी मागवायची गरजच नव्हती. सदाशिव पेठेतल्या त्या इमारतीच्या समोरच डेअरी होती. शेजारपाजारचे विचारत, "काय हो गोवंडे, समोर दुकान असताना रतीब कशाला?" त्यावर रंगनाथरावांनी एक टिप्पणीच तयार करून ठेवली होती. लिफ्ट नसणे, गुडघे, पावसाळा, सकाळच्या झोपेचे आरोग्यविषयक महत्त्व, असे सहा मुद्दे होते. खरा मुद्दा सातवा होता आणि तो त्यांनी लिहिला नव्हता. डेअरीवाला पत्राला उत्तर देत नाही.

"मी केव्हाची सांगतेय, अ‍ॅपवर शिफ्ट होऊ या," निकिता म्हणाली. "दूध घरीच येईल. रात्री दहापर्यंत कमी-जास्त करता येतं. गावाला गेलो तर पॉज करायचं. कंप्लेंट असेल तर चॅट. हे बघा."

तिने फोन त्यांच्या हातात दिला. रंगनाथरावांनी एका बोटाने 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून' एवढं टाइप केलं आणि चुकून पाठवलं. चार सेकंदांत उत्तर आलं : 'नमस्कार, मी मैत्री. आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. दुधासाठी १ दाबा, पनीरसाठी २ दाबा.'

रंगनाथराव बराच वेळ फोनकडे बघत राहिले. उत्तराचा प्रश्नाशी काही संबंध नव्हता, याचं त्यांना विशेष वाटलं नाही. सरकारी नोकरी केलेला माणूस होता तो. पण चार सेकंद. त्यांच्या काळात चार सेकंदांत कोणी मान वर करून बघत नसे.

"कर सुरू," ते म्हणाले. "मी उत्तरेश्वरला रीतसर कळवतो."

त्याच संध्याकाळी ललिताबाई लोणीहून परत आल्या. मुक्ताईच्या पायाचं, प्लास्टरचं, तिच्या सुनेचं सगळं सांगून झालं आणि त्या टेबलापाशी आल्या, तर नवरा दोन कागदांमध्ये कार्बन पेपर घालून लिहीत बसला होता. कार्बन पेपर पुण्यात अजून कुठे मिळतो हे फक्त त्यांनाच ठाऊक असावं.

"हे काय चाललंय?"

"रतीब समाप्तीची नोटीस. एक प्रत त्याला, एकीवर त्याची पोच."

"रतीब बंद करायचा नाही."

रंगनाथरावांनी पेन खाली ठेवलं. ज्या बाईने अकरा वर्षं त्यांच्या दूधविषयक पत्रांवर 'हं'पलीकडे काही म्हटलं नाही, ती बाई हे बोलत होती.

"का?"

"नाही म्हणजे नाही."

"अगं, चार पत्रांना उत्तर नाही दिलं त्याने."

"आजारी असेल."

"आजारी माणूस तीन जिने चढून रोज दोन पिशव्या अडकवतो?"

ललिताबाईंनी पदराने कपाळ पुसलं. "उद्या देईल उत्तर. तुम्ही एक साधं पत्र लिहून पिशवीत ठेवा. बघा, उद्या नक्की येईल."

"आता नाही. मी काही लाचार नाही," रंगनाथराव म्हणाले. त्यांना खरोखर लागलं होतं. नोकरीत साहेबांनी फाइल अंगावर फेकली होती तेव्हासुद्धा ते एवढे दुखावले नव्हते. "समाप्तीचं पत्र पिशवीत ठेवत नाहीत. हस्तपोच द्यावं लागतं. सकाळी मी स्वतः जाणार."

  ललिताबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि धुतलेली भांडी परत धुवायला लागल्या.

सकाळी सव्वापाचला रंगनाथराव कोपऱ्यावर पोचले. बंद झेरॉक्सच्या दुकानापुढे उत्तरेश्वर दुधाचे क्रेट लावत होता. पन्नाशीला टेकलेला, कानटोपी घातलेला. अकरा वर्षांत रंगनाथरावांनी त्याला दोन-तीनदाच पाहिलं असेल. तो येई तेव्हा ते झोपलेले असत.

"काका, तुम्ही? एवढ्या सकाळी?" त्याने हातातला क्रेट खाली ठेवला. "काकू बऱ्या हायत ना?"

"बऱ्या आहेत. हे पत्र आहे. वाचा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच द्या."

उत्तरेश्वरने हात पँटला पुसले, दिव्याखाली उभं राहून नोटीस पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. मग कागद क्रेटवर ठेवून त्याने सही केली, खाली तारीख, वेळ आणि 'मूळ प्रत मिळाली' असं लिहिलं. अक्षर सुबक, गोल, शिरोरेघ एकसारखी.

"हे तुमचं अक्षर?" रंगनाथरावांनी विचारलं.

"हां. बी.ए. हाय मी काका, धाराशिवचा. मराठीच घेतलं होतं."

"मग उत्तर देताना 'बरं' एवढंच का लिहिता? आणि तेही असं?"

"कसलं उत्तर?"

"माझ्या पत्रांना. पिशवीतल्या."

"ते कागद व्हय? ते तुमचं काय तरी सरकारी असंल म्हणून मी कधी हात न्हाई लावला. आत असत्यात, आतच ऱ्हाऊ देतो. दूध खालनं सरकवतो, भिजू नये म्हणून."

 पहिली रिक्षा रंगनाथरावांना घासून गेली तरी ते हलले नाहीत.

"पण मी लिहिलं होतं, पिशवी कडीला आडवी अडकवू नका. ती तुम्ही सरळ लावायला लागलात. कोजागरीला दोन जास्त आणल्यात."

"ते काकू सांगायच्या की. दार उघडून उभ्या असत्यात साडेपाचला. 'उद्या एकच दे', 'सरळ लाव', 'परवा दोन जादा.' एका वाक्यात काम. आता ह्या चार दिवसांत त्या दिसल्या न्हाईत, कुणी काय बोललं न्हाई, म्हणून आपली दोन-दोन टाकत ऱ्हायलो." त्याने कानटोपी सारखी केली. "बंद करायचं तर करा काका. गल्लीतली सहा घरं गेलीच अ‍ॅपवर. फक्त काकूंना इचारलंय ना?"

"तो कागद परत द्या," रंगनाथराव म्हणाले.

"का?"

"पत्ता चुकलाय."

ते जिना चढायला लागले. पहिल्या मजल्यावर त्यांना स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल आठवली. सिलेंडर कधी लावला ते ललिताबाई तिने लिहीत. दुसऱ्या मजल्यावर ते आठ दिवस आठवले, जेव्हा ते रोज सकाळी पिशवीत हात घालून पत्राची मागची बाजू बघायचे आणि मग दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत. नवव्या दिवशी डाव्या हाताने का होईना, कुणीतरी 'बरं' लिहिलं होतं, आणि त्या दिवशी त्यांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या होत्या. त्यांना राग आला नाही. लाज वाटली. आपण एवढी वर्षं उत्तराची वाट बघितली आणि ते शेजारच्या खोलीतून येत होतं. आणि त्याहून मोठी लाज दुसऱ्याच गोष्टीची होती. तिने काही विचारलंय का, तिला काही सांगायचंय का, हे पाहायला त्यांनी कधी कुठल्या पिशवीत हात घातला नव्हता.

ललिताबाई दारातच उभ्या होत्या. चेहरा उतरलेला.

"दिलंत?"

"परत आणलं."

"का?"

"रतीब चालू ठेवायचा ठरवलं."

त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं पाहिलं की पुरतं. मग त्या आत गेल्या आणि चहाचं आधण ठेवलं.

सात वाजता निकिता निघाली. दारातून तिने विचारलं, "बाबा, मग अ‍ॅपचं काय? पैसे भरू ना आज?"

"नको."

"पण का? तुम्हीच म्हणालात ना काल, उत्तर देत नाही म्हणून."

"देतो," रंगनाथराव म्हणाले. "चौकशी केली. आमच्याकडूनच नोंद चुकली होती."

निकिताने सासूकडे पाहिलं. सासू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. बसची वेळ झाली होती, म्हणून ती गेली.

मग रंगनाथराव टेबलाशी बसले. कार्बन पेपर काढला नाही. एकच प्रत लिहिली, घडी न घालता ओट्यावर नेऊन ठेवली आणि वर सांडशी ठेवली, उडू नये म्हणून.

"प्रति, सौ. ललिता गोवंडे, स्वयंपाकघर, तिसरा मजला. महोदया, गेली अकरा वर्षे माझ्या प्रत्येक पत्राला आपण उत्तर दिलेत, हे आज सकाळी समजले. आभारी आहे. मात्र आपल्याकडून स्वतःहून एकही पत्र आल्याची नोंद माझ्याकडे नाही. ही माझी चूक आहे. आपल्याला काही कळवायचे असल्यास कळवावे. कितीही लांब असले तरी चालेल. मी वाचेन."

ललिताबाईंनी चष्मा लावून ते एकदा वाचलं. मग दुसऱ्यांदा वाचलं. दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं आणि हात पुढे केला.

"पेन द्या."

रंगनाथरावांनी खिशातलं पेन दिलं. ते पेन ते कुणाला देत नसत.

"आणि दुधाकडे बघा," त्या म्हणाल्या. "उतू गेलं तर तुम्हीच पुसायचं."

त्या टेबलाशी बसल्या आणि उजव्या हाताने लिहायला लागल्या. रंगनाथराव ओट्याशी उभे राहिले. त्यांची नजर पातेल्यावर होती आणि कान टेबलाकडे होते. पेनचा आवाज थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. दूध वर आलं, त्यांनी गॅस बंद केला, पातेल्यावर जाळी ठेवली. तरी त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. थोड्या वेळाने कागद सरकल्याचा आवाज आला.

ललिताबाईंनी पान उलटलं होतं आणि मागच्या बाजूला लिहायला घेतलं होतं.