जागेवर कोणीही आढळले नाही

हवालदाराला चोराचिलटांची भीती कधी वाटली नाही. वाटायची ती मावशीची. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला. वर शाळेतही तीच बाई! म्हणजे खोटं बोलायची सोय ना घरी, ना वर्गात.

आता तीच शाळा बंद करून तिथे गोदाम करायचा हुकूम निघाला होता, आणि शाळेच्या पायऱ्यांवर बसायला बंदी. मावशी रोज अकराच्या ठोक्याला छत्री घेऊन तिथेच बसायची. काल हवालदाराने तिच्या मायेपोटी अहवालात लिहून टाकलं, 'जागेवर कोणीही आढळले नाही.' झालं! बाई तरातरा ठाण्यात हजर. "चांगली तीन तास बसले होते मी. हा खोटं लिहितो!" साहेबांसमोर बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. साहेब म्हणाले, "उद्या उचलून आणा. पंधरा दिवस आत."

आज तो पायरीशी उभा राहिला. "मावशी, तुझं हृदय हे असं कमजोर. दोन ओळी माफीच्या लिहून दे ना. कुणाला कळणारे?"

"मला कळेल. लपूनछपून कायदा मोडायला मी काय चोर आहे? उघड मोडते, नाव सांगते, होईल ती शिक्षा भोगते. तू तुझं काम कर." तिने दोन्ही हात पुढे केले. "डावा गुडघा तेवढा सांभाळ."

याच हातांनी त्याच्या शर्टाची बटणं लावली होती. काही केल्या त्याला ते धरवेनात. त्याने वही काढली आणि उभ्याउभ्याच लिहिलं, 'बाई जागेवर आहेत. मी त्यांना उचलणार नाही.' खाली नाव, बिल्ल्याचा नंबर, सही. टोपी काढून तो तिच्या शेजारी बसला.

मावशीने वाचलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "वेडा की खुळा तू? नोकरी जाईल! फाड ते. देते मी माफी, चल ऊठ."

"वा गं वा! तुझ्यावर आलं तेव्हा तत्त्व, आणि माझ्यावर आलं की माफी?"

मावशीला त्याचा अभिमान वाटत होता आणि भीतीही. पदराने चष्मा पुसून तिने वही पुन्हा ओढून घेतली.

"तारीख कुठाय?" तिने सहीखाली बोट ठेवलं. "साहेब म्हणतील, बाईंनी काही शिकवलंच नाही."

त्याने तारीख घातली. रस्त्याच्या टोकाला ठाण्याची गाडी वळली, तशी मावशीने छत्री त्याच्या डोक्यावर सरकवली.