ढोलाला पाय दिसायला हवेत

आबिमाएलनं धावत येऊन स्टेजच्या मधोमध उडी घेतली आणि समोरच्या रिकाम्या खुर्च्यांवर ओरडला, "सान हुआन! आलो रे मी!"

आवाज घुमून परत आला तसा तो खदखदून हसला. आज संध्याकाळी इथं बारा हजार माणसं बसणार होती. छे, बसतायत कसली, नाचणार होती!

"माइक तपासायचाय, घसा फाडायचा नाहीये," साउंड सांभाळणारा जिओवानी खालून म्हणाला.

"फाटू दे! चौदा वर्षं थांबलोय मी."

ती चौदा वर्षं काही सोपी नव्हती. चुलतभावानं न्यूयॉर्कहून आणलेल्या रॅपच्या कॅसेटी, पनामाचं रेगे, जमैकाचे ठेके, लोइसा गावातल्या आपल्या गल्लीत बसून त्यानं सगळं अधाशासारखं पचवलं. लग्नांत गायला, गाडीच्या डिकीतून सीड्या विकल्या. कुणी ढुंकून बघितलं नाही. मग मागल्या वर्षी बाबांनी बॉम्बा नाचाला वाजवलेल्या ढोलाच्या एका जुन्या टेपमधले चार ठोके त्यानं उचलले, मशीनवर पुन्हापुन्हा फिरवले, वर रॅप केला, आणि अख्खं बेट नाचायला लागलं. बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून आईनं नाचाचं पाऊल टाकलं नव्हतं. आज ती ह्याच गाण्यावर नाचणार होती. ती हो म्हणाली त्या दिवशी आबीनं आनंदानं भर रस्त्यात गाडी थांबवली होती.

त्याची आई नेरेइदा आली ती खेकडा भरून तळलेल्या अल्कापुर्रियांचा डबा घेऊनच. जिओवानीच्या हातावर दोन ठेवल्या आणि पांढरा घेरदार परकर सारखा केला.

"लाव रे तुझं ते."

ढोल दणाणला. आबीच्या अंगावर सरसरून काटा आला. आईनं स्पीकरसमोर जाऊन रीतसर मान झुकवली, परकराला एक झटका दिला. ढोल आपला वाजतोय. तिनं टाच आपटली. वाजतोय. ती जागच्या जागी थिजली, तरी वाजतोच आहे.

"बंद कर."

"काय झालं गं? आवाज मोठा होतोय?"

"हा माझ्याकडे बघत नाहीये."

"आई, टेप आहे ती!"

"तेच म्हणते मी. आधी माझे पाय, मग ढोलाचं उत्तर. एवढं लोइसातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी थांबल्यावर तुझा बाप वाजवत बसला असता का?" ती स्टेजच्या पायऱ्यांकडे वळली. "नाही जमायचं मला, बाळा. घरी सोड."

आईशिवाय आजची संध्याकाळ नको होती आबीला. मुळीच नको होती.

बाबांचा पिंपाएवढा ढोल त्यानं शोभेला म्हणून स्टेजच्या कडेला मांडला होता. तो त्यानं फरफटत मधे आणला आणि एक खुर्ची ओढून गुडघ्यांमध्ये धरला.

"आबी, अरे लाइट, पडदा, सगळं टेपच्या वेळेशी बांधलंय," जिओवानी उठलाच. "शेवटचा कधी वाजवलास?"

"बारा वर्षांचा होतो."

"मेलो!"

"टेप काढ, जिओ."

त्यानं साधा ठेका धरला. आईनं जरा वेळ नुसतं ऐकलं. मग पुढे येऊन ढोलासमोर मान झुकवली.

परकराचा झटका. धाड! बरोबर पकडला! "आई शप्पथ!" तो किंचाळला. तिनं खांदा उडवला. धाड! तोही! जिओवानीनं खालून शिट्टी मारली. मग तिनं टाच वळवून अशी काही झर्रकन आपटली, की आबीचा हात हवेतच राहिला.

तो कानापर्यंत लाल झाला. वाजवणाऱ्याला चकवणं हाच तर तिचा खेळ. तिच्यापुढे भलेभले हसं करून घेऊन उठले होते. हुकलेलं पाऊल तिनं आजवर कुणाला पुन्हा दाखवलं नव्हतं, बाबांनासुद्धा नाही.

तो ढोलामागून उठायला लागला.

"बस खाली," नेरेइदा म्हणाली.

पाय नीट दिसावेत म्हणून तिनं परकर घोट्याच्या वर उचलून धरला, आणि तेच पाऊल पुन्हा टाकलं. हळू.