'ताठ कणा' गटाचं स्नेहसंमेलन

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका बाईंना मित्रमंडळी मिळाली ती पाठदुखीमुळे. पंचवीस वर्षं खिडकीजवळच्या स्टुलावर वाकून त्यांनी परक्यांचे दात मेणात बसवले, आणि एके दिवशी पाठ अशी धरली की सरळ होता येईना. नवऱ्यानं दोन दिवस विचारपूस केली. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "अजून दुखतंय?" तो 'अजून' बाईंच्या मनाला लागला. त्यांनी फोनवर शोधाशोध केली आणि 'ताठ कणा' नावाच्या गटात नाव घातलं.

गटात बारा जण होते. सगळे वेगवेगळ्या गावांतले, एकमेकांना कधीच न भेटलेले. खरं नाव कुणी वापरत नसे. बाईंच्या कामावरून त्यांचं नाव पडलं कवळीताई. गट चालवायच्या अध्यक्षीणबाई, एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सकाळी सातला त्या हजेरी घेतल्यासारखं लिहायच्या, "रात्र कशी गेली?" मग एकेक जण आपली रात्र मांडायचा. इथं 'अजून' असं कुणी म्हणत नसे. उलट एखाद्याला एक दिवस कमी दुखलं तर बाकीचे काळजीत पडत.

सगळ्यांत वरचा मान होता मणकेरावांचा. हे छापखान्यातले कारकून, घरात एकटेच. "आज कूस बदलली. पंचवीस मिनिटं लागली," एवढंच ते लिहायचे आणि अकरा जण हळहळायचे. हळूहळू त्यांच्या नावानं मापच सुरू झालं. कुणी लिहायचं, "आज पाव मणका." कुणी लिहायचं, "घरी पाहुणे आले होते, पाऊण मणका." अख्खा मणका मात्र कुणाला जमला नव्हता.

गटाचा नियम एकच, पण कडक. जो बरा झाला त्याला फुलाचं चित्र, हार्दिक अभिनंदन, आणि संध्याकाळच्या आत गटाबाहेर. "बऱ्या माणसांचं इथं काय काम?" असं अध्यक्षीणबाईंचं म्हणणं.

गटाला तीन वर्षं झाली तेव्हा प्रत्यक्ष भेटायचं ठरलं. मणकेरावांना हलवणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांच्याच घरी. कवळीताईंचं गाव सगळ्यांत लांब. त्यांनी विमानाचं तिकीट काढलं.

"दोन तास एका जागी बसशील?" नवरा म्हणाला. "परवा माझ्या बहिणीकडे वीस मिनिटं बसवत नव्हतं तुला."

"तुमच्या बहिणीकडे कुणालाच बसवत नाही, अहो."

विमानात बसायची त्यांची ही पहिलीच वेळ. शेजारी एक मधमाश्या पाळणारी बाई होती. राणीमाशी एका पेटीतून दुसरीत कशी नेतात हे तिनं हातवारे करून सांगितलं. कवळीताईंनी अंग वळवून वळवून ऐकलं, मध्येच तिच्या अंगावरून वाकून ढग बघितले, आणि उतरताना तिची जड पिशवीही वरच्या कप्प्यातून काढून दिली. विमानतळावर चालताना त्यांच्या एकदम लक्षात आलं, दुखायचं राहूनच गेलं होतं.

त्यांना चोरी पकडल्यासारखं झालं. कमरेत बोट खुपसून पाहिलं. काही नाही. फोनवर अध्यक्षीणबाईंचा निरोप येऊन पडला होता, "प्रवास कसा झाला?" कवळीताईंनी लिहिलं, "फार हाल. पाऊण मणका." मग वाटलं, एवढ्या लांबच्या प्रवासाला पाऊण कमीच दिसतो. त्यांनी 'पाऊण' पुसून 'एक' केला.

सभा चारची होती आणि वाजले होते बारा. लॉजवर आडवं व्हायचा बेत होता, पण आडवं कशासाठी व्हायचं? त्या थेट मणकेरावांच्या पत्त्यावर गेल्या. बिचाऱ्याला उशी तरी सारखी करून देऊ, असा विचार. इमारत जुनी, लिफ्ट नाही, घर पहिल्या मजल्यावर. जिन्यात पाहतात तर वरून एक लाकडी कपाट खाली येत होतं. त्याच्याखाली दोन पाय दिसत होते.

"जरा बाजूला व्हा, लागेल," कपाटामागून आवाज आला.

गटावरच्या ध्वनिसंदेशांतून तो आवाज त्यांनी कितीदा ऐकला होता. "मणकेराव?"

कपाट थबकलं. क्षणभरानं त्याच्याआडून खोल, सरावाचं "आई गं" ऐकू आलं.

"आधी ते खाली ठेवा," कवळीताई म्हणाल्या. "मग कण्हा."

दोघं पायरीवर बसले. मणकेराव घामानं भिजले होते, आणि तब्येत ठणठणीत दिसत होती.

"सगळ्यांना बसायला जागा व्हावी म्हणून कपाट काढत होतो," ते म्हणाले. "मी बरा होऊन दोन वर्षं झाली, ताई."

"आणि त्या कुशी?"

"जुन्याच आहेत. फिरवून फिरवून लिहितो." ते हातातली दोरी गुंडाळत राहिले. "रात्र कशी गेली, असं मला विचारणारी अकरा माणसं आहेत. बरी गेली म्हटलं की संध्याकाळपर्यंत एकही उरणार नाही."

कवळीताईंना रागवायचं होतं. पण तोंडातून निघालं भलतंच. "मला आज विमानात दुखलं नाही."

"किती वेळ?"

"दोन तास दहा मिनिटं. आणि मी एक मणका लिहिलाय."

"वाचलं मी," मणकेराव म्हणाले. "वाईट वाटलं मला."

चार वाजता मंडळी आली. दर पायरीला थांबत, कठडा धरत, एकमेकांना धीर देत नऊ जण वर पोचले. शेवटी आल्या अध्यक्षीणबाई. दहाव्या पायरीवर त्यांची पाठ धरली. त्या ओरडल्या नाहीत, त्यावरूनच सगळ्यांना कळलं. चेहरा पांढराफटक, हात कठड्यावर, वर जाता येईना की खाली. वरच्या नऊ जणांनी आपापल्या कमरा धरल्या आणि कुणीतरी काहीतरी करायला हवं, असं ते एकमेकांना सांगू लागले. दारात मणकेराव भिंतीला टेकून, चेहरा पिळवटून उभे होते. पाच मिनिटं गेली. अध्यक्षीणबाईंच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला.

मणकेरावांनी कवळीताईंकडे पाहिलं. "खुर्ची आणा," ते म्हणाले आणि ताठ झाले.

त्यांनी मागून धरलं, कवळीताईंनी पुढून. अध्यक्षीणबाईंना खुर्चीसकट उचलून दोघं जिना चढू लागले. वरची कुजबुज बंद पडली.

"तुम्ही बरे आहात," अध्यक्षीणबाई मान न वळवता म्हणाल्या.

"हो."

"आणि तुम्हीसुद्धा?"

"आजच्यापुरती," कवळीताई म्हणाल्या.

अध्यक्षीणबाईंनी पर्समधून फोन काढला. मग खाली राहिलेल्या पायऱ्यांकडे एकदा पाहिलं. "आधी वर पोचवा. मग काढते."

वर पोचताच दोघांना एकेक फूल आलं, अभिनंदन आलं, आणि दोघं गटाबाहेर झाले. सभेत बसायचा त्यांना आता हक्क नव्हता. पण घर मणकेरावांचं होतं, आणि दहा जणांना उठवायला-बसवायला कुणीतरी हवंच होतं. दोघांनी चहा दिला, पाठीमागे उश्या लावल्या, पडलेले चष्मे उचलून दिले. सभेत ठराव झाला की फसवणूक निंदनीय आहे. त्यानंतर पुन्हा चहा झाला.

संध्याकाळी अध्यक्षीणबाईंना तसंच खुर्चीतून खाली आणलं. गाडीत बसण्याआधी त्यांनी मणकेरावांचं मनगट धरलं.

"दोन वर्षं रोज सकाळी सगळ्यांत आधी तुमचा निरोप उघडायचे मी," त्या म्हणाल्या. "मला खरंच वाईट वाटायचं हो."

मणकेरावांनी त्यांना गाडीत बसवून पाठीमागे उशी लावली. गाडी गेल्यावरही ते बराच वेळ फाटकाशी उभे होते.

परतीच्या विमानात कवळीताईंची पाठ मरणाची दुखली. सांगायला कुणी नव्हतं. घरी येऊन त्यांनी गटाकडे पुन्हा अर्ज केला, डॉक्टरची चिठ्ठीही जोडली. नव्या सदस्यांना तीन महिने थांबावं लागतं, असं उत्तर आलं.

मणकेरावांनी रविवारी फोन केला. पाठीचा विषय दोघांनी टाळला, त्यामुळे चार मिनिटांत बोलणं संपलं. पुढच्या रविवारी त्यांनी सांगितलं की आपण पोहायच्या शिकवणीला जातो, आणि तीन आठवडे झाले तरी पाण्यात तोंड घालायचं धाडस होत नाही. शेजारच्या रांगेतली सहा वर्षांची पोर त्यांना म्हणते, काका, डोळे मिटा, मी हात धरते.

कवळीताई इतक्या मोठ्यानं हसल्या की नवरा आतून उठून आला.

"काय झालं? दुखतंय का?" त्यानं विचारलं.

त्यांनी हातानंच त्याला थांबवलं आणि फोन दुसऱ्या कानाला लावला. "मग? घातलंत का तोंड?"