पंखावरचं कुंकू

उत्तमरावांना माझ्यापासून काय मिळायचं होतं, ते आधी सांगतो. मी कोण, ते मागून. आभाळातलं विमान आपलं की दुश्मनाचं, हे तालुक्यातल्या कोतवालांना शिकवलं, की उत्तमराव साध्या कारकुनाचे अव्वल कारकून होणार होते. अव्वल कारकून झालं की खुर्चीला हात येतात. हातांच्या खुर्चीत बसणाऱ्याच्या मुलीला स्थळंही तशीच येतात. एवढा सगळा संसार त्यांनी माझ्या चार बोटांच्या पंखांवर लादला. खरं लढाऊ विमानसुद्धा एवढं ओझं घेऊन उडत नाही!

मित्रांनो, मी एक जुने, धातूचे ओतीव विमान आहे. विलायतेतल्या कारखान्यात वितळलेलं जस्त पोलादी साच्यात दाबून भरलं, साचा उघडला आणि मी बाहेर पडलो. पुढे मोठ्या लढाईत उतरलेल्या एका लढाऊ विमानाची मी हुबेहूब नक्कल. तीच निमुळती चोच, तेच कडेला गोलावणारे पंख. प्रत्येक पंखावर, वरून आणि खालून, एक निळी कडी, आत पांढरं आणि मधोमध एवढासा लाल थेंब. ही सरकारी विमानांची खूण. हीच माझी जात आणि हेच माझं गोत.

नागपूरच्या एका साहेबाला अशी विमानं जमवायचा नाद होता. त्याच्या काचेच्या कपाटात मी बरीच वर्षं उभा होतो. पाहुणे यायचे, वाकून बघायचे. "हात लावू नका हं," असं साहेब म्हणायचा. जपानशी लढाई पेटली, साहेब आघाडीवर गेला आणि जाताना आम्हा सगळ्यांना सरकारच्या हवाली करून गेला. माझ्या वाट्याला वऱ्हाडातली ही तालुक्याची कचेरी आली.

माझ्यासोबत एक पत्र होतं. 'सोबतचे विमान आपले आहे. निळी कडी आपली, पंखावर सगळा लाल गोळा तो जपानी,' असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पण पत्राची शेवटची ओळ आणि खालची सही, एवढंच वाचायची उत्तमरावांची रीत. शेवटच्या ओळीत लाल गोळा होता. तेवढा त्यांनी लक्षात ठेवला, माझी पेटी न उघडताच कपाटात ठेवली आणि दसऱ्याच्या रजेवर गेले.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा असते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. कचेरीचा शिपाई इंद्रभान भाविक माणूस. त्याने दौत पुजली, शिक्के पुजले, तिजोरीचं कुलूपही पुजलं. मग मला पेटीतून काढलं.

"लढाईचं हत्यार कपाटात, अन् त्याले कुंकू नाही? बरं नाही दिसत," तो म्हणाला. पंखावरचा लाल थेंब बघून तो हसला. "कोन्या येड्यानं अर्धाच टिळा लावला बे!"

आणि तेलात कालवलेल्या कुंकवाने त्याने प्रत्येक कडी निळ्या काठासकट भरून टाकली. वरून झेंडूचं फूल. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. काचेमागच्या इतक्या वर्षांत कोणी असं मायेने बोट लावलं नव्हतं.

पण रजेवरून आलेल्या उत्तमरावांनी पेटी उघडली आणि ते ओरडलेच, "लाल गोळा! जपानीच पाठवला की सरकारनं!"

मित्रांनो, तुम्हाला भर चौकात कोणी परक्या घरचं पोर म्हटलं, तर कसं वाटेल? मला पुऱ्या तालुक्याने जपानी म्हटलं. मला तोंड नव्हतं. ज्यांना होतं, ते उत्तमरावांपुढे उघडत नव्हते.

साखरखेर्ड्याकडचे कोतवाल आले, अमडापूरचे आले. सगळ्यांनी मला लांबून नमस्कार केला आणि तंबाखू मळत घरी गेले. एकटा मोतीराम, अमडापूरचा कोतवाल, पुढे सरला.

"कारकूनसाहेब, याले जरा उचलून धरता काय जी?"

"काऊन बे?"

"आभायातलं इमान खालूनच दिसते ना. मी बसून पाहतो."

जमिनीवर उकिडवं बसून तो माझं पोट, चोच, पंखांची गोलाई किती तरी वेळ बघत राहिला. काचेपुढे वाकलेल्या पाहुण्यांपैकी कोणी मला असं पाहिलं नव्हतं. मी त्याला पाठ झालो. पण कोणत्या नावाने!

पुढच्याच महिन्यात अमडापूरच्या भर बाजारावरून एक विमान गेलं. तेच पंख, तीच चोच, माझं सख्खं भावंड. मोतीरामने मान वर केली, नीट पाहिलं आणि डफावर थाप मारली. "पळा रे, जपानी आला! झाडाखाली पळा!"

बाजार फुटला. बैल सुटले, मिरच्यांचे ढीग तुडवले गेले. बांगड्या विकणाऱ्या सरवरीबीच्या दुकानावरून तर अर्धं गाव धावलं. विमान आपल्या वाटेने निघून गेलं. मागे उरला काचांचा चुरा.

"मोतीरामभाऊ, जपान्यानं इतकं नसतं केलं, जितकं तुमच्या डफानं केलं!" सरवरीबी कपाळावर हात मारून म्हणाली.

"बी, मी बरोबर वयखलं व. कारकूनसाहेबानं दाखवलं तेच होतं."

चौकशीचा हुकूम निघाला, तेव्हा उत्तमरावांनी ते जुनं पत्र प्रथमच पुरतं वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग इंद्रभानकडे.

"हे काय फासलंस?"

"खंडेनवमीचं कुंकू जी."

"घासून काढ. आणि तोंड उघडलंस तर उद्यापासून घरी बस."

इंद्रभानने मला चिंच आणि राखेने घासलं. कुंकू निघालं, त्यासोबत माझा अर्धा रंगही निघाला. निळी कडी कशीबशी राहिली.

चौकशीला जिल्ह्याहून साहेब आले. टेबलावर मी. उत्तमराव नम्र आवाजात म्हणाले, "हुजूर, हेच विमान दाखवून शिकवलं. निळी कडी समोर आहे. कोतवाल मंदबुद्धी, त्याला मी काय करणार?"

"साहेब, याच्यावर लाल गोया होता!" मोतीराम कळवळून म्हणाला. "माह्यी कोतवाली गेली त घरात चूल नाही पेटनार. खोटं काऊन बोलू?"

त्याने मला उचललं, पालथं केलं. पंखाच्या सांध्यात एक लाल रेघ राहिली होती. ती त्याने नखाने खरवडली आणि बोट साहेबांपुढे धरलं. मला वाटलं, सुटलो दोघेही!

"कोतवाल पान खातो, हुजूर," उत्तमराव लगेच म्हणाले. "बोटं कायम रंगलेली असतात."

साहेब दाराकडे वळले. "शिपाई, तुला काही ठाऊक आहे?"

इंद्रभानने खाली पाहिलं. "मले काय मालूम जी."

तेव्हा मागून सरवरीबी पुढे आली. ती आली होती आपल्या बांगड्यांची नुकसानभरपाई मागायला. ही भरपाई मोतीरामच्या पगारातून मिळायची होती. तिने मोतीरामचं बोट धरून उजेडात नेलं.

"साहेब, पानाचा रंग असा नसते. हे कुंकू हाय. बांगड्यांसंगं मी रोज इकते. कोतवालाची गलती नाही जी."

"कोतवालाची चूक नाही?" साहेबांनी भुवई चढवली. "मग तुझी भरपाई कोणाकडून घ्यायची? बाईचा अर्ज निकाली. आणि बाजारात घबराट झाली ती झालीच. कोतवालाचा पट्टा जमा करा."

मोतीरामने कमरेचा पितळी बिल्ल्याचा पट्टा सोडला आणि माझ्या शेजारी टेबलावर ठेवला.

लढाई संपली. आता मी अव्वल कारकुनांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून बसतो. मध्यंतरी नागपूरहून अशा विमानांचा एक शौकीन आला होता. मला उलटसुलट करून म्हणाला, "रंग गेला, आता याला कोण घेतो?" कोणी घासला, ते त्याने विचारलं नाही.

मित्रांनो, वस्तू जपा, पुसा, लखलखीत ठेवा. पण आपली चूक लपवायला वस्तूला घासू नका. आणि कोणाला दुश्मन म्हणण्याआधी पत्र पुरतं वाचा.

बाकी हिशेब सरळ आहे. पत्र न वाचणाऱ्याला हातांची खुर्ची मिळाली. गप्प राहणाऱ्याची नोकरी टिकली. नीट पाहणाऱ्याचा पट्टा गेला. आणि खरं बोललेल्या सरवरीबीने आपल्या फुटलेल्या बांगड्यांची किंमत स्वतःच भरली.