आठ जीबीची पट्टी

“लोकरीचं काही अंगात असताना या पट्टीला हात लावू नका, मॅडम. थंडीत कपड्यांत करंट साठतो. आधी नळाला हात लावायचा, मग कामाला,” दुकानदार म्हणाला होता. मी रॅमचं पाकीट पर्समध्ये टाकलं, “हो हो” म्हटलं आणि रिक्षा शोधायला लागले. माझ्या चिऊची शाळा सुटायची वेळ झाली होती. शिवाय मला वाटलं, बसवायचं काम त्यालाच मिळावं म्हणून घाबरवतोय.

रॅम संध्यासाठी होती. संध्या माझी नणंद. बाळंतपणाला नामपूरहून आमच्याकडे, नाशिक रोडला आलेली. मुलगी झाली, सगळं सुखरूप पार पडलं, पेढे वाटून झाले. आणि त्यानंतर संध्या हळूहळू गप्प होत गेली. बाळ रडायला लागलं की ती पंख्याकडे बघत बसायची. मी बाळ उचलून तिच्या मांडीवर दिलं की पाजायची, पण कुणाचं तरी सामान सांभाळायला दिल्यासारखी धरायची. एकदा मला म्हणाली, “वहिनी, ही माझी आहे असं वाटतच नाही हो.” मी डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, “बाळंतिणीला होतं असं. नीट खाऊपिऊ घाल, आपोआप जाईल.”

गेलं नाही. पण डिसेंबरात एक गोष्ट घडली. तिच्या कॉलेजच्या मैत्रिणीने तिला घरून करायच्या एका नोकरीचं सुचवलं. नवीन सॉफ्टवेअर वापरून बघायचं आणि त्यातल्या चुका शोधायच्या, असं काम. सोमवारी ऑनलाइन परीक्षा, आणि लॅपटॉपला किमान आठ जीबी रॅम हवी, ही अट. संध्याच्या कॉलेजच्या वेळच्या लॅपटॉपला चारच होती. नोकरी लागली तर बाळ मोठं होईपर्यंत तिने इथेच राहावं, असं तिच्या नवऱ्याने, धनराजने, आपल्या आईकडून कसंबसं कबूल करून घेतलं होतं. नाहीतर संक्रांत झाली की परत.

नामपूरला तिला कोणी त्रास देत होतं असं नाही. कांद्याचा व्यापार, भरलं घर. पण त्या घरात दिवसभर माणसं आणि तिच्याशी बोलायला कोणी नाही. मला भीती होती ती एवढीच, की इथे निदान मी बघत होते. तिथे कोण बघणार?

दुकानात लॅपटॉप दोन दिवस ठेवावा लागला असता. संध्या म्हणाली, “काही गरज नाही, मी कॉलेजात चार जणांचे उघडलेत.” रविवारी दुपारी पलंगावरच्या गुबगुबीत ब्लँकेटवर तिने लॅपटॉप पालथा घातला.

“वहिनी, एक वाटी द्या. स्क्रू ठेवायला.”

“आमटीची देऊ की खिरीची?”

“दादाची द्या. तेवढीच आमटी कमी जाईल पोटात.”

“ऐकू येतंय मला!” बाहेरून किशोर, माझा नवरा, ओरडला. “पोट माझं आहे, लॅपटॉप तुझा. त्याच्याकडे बघ!”

संध्या हसली. बाळ झाल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. आधी तिने बॅटरी काढली. मग एकेक स्क्रू वाटीत टाकताना मला सांगत होती, हा लांब, हा आखूड, हे मिसळायचे नाहीत. बोटं झरझर चालत होती. गाल लाल झाले होते. मधेच तिने कानाचा रुमाल सोडला आणि स्वेटरची एक बाही काढली. “उकडतंय.”

“अगं ए!” सासूबाई दारातूनच कडाडल्या. “सोड रुमाल, सोड! अंगात वारं शिरू दे, मग जन्मभर कंबर धरून बस. बाळंतीण आहेस का कुस्ती खेळतेस?”

“आई, पाच मिनिटं फक्त.”

“पाच मिनिटंच लागतात.”

मला दुकानदाराचं बोलणं आठवलं. खरंच आठवलं. पण त्या आठवड्यात चिऊला खोकला होता, आणि माझ्या डोक्यात सर्दी कुणाची कुणाला लागेल हेच चालू असायचं. “राहू दे ना, संध्या,” मी म्हटलं. “तुला सर्दी झाली की बाळाला होईल.” तिने बाही परत चढवली. रुमालाची गाठ सासूबाईंनी स्वतः येऊन बांधली, आणि पायांत लोकरीचे मोजेही चढवले.

ती ब्लँकेटवर सरकून बसली तेव्हा बारीक तडतड झाली. आम्ही हसलो. हिवाळ्यात ते ब्लँकेट रोजच तडतडतं, चिऊ तर मुद्दाम पाय घासते. संध्याने दोन्हीकडचे चाप दाबून जुनी पट्टी काढली, नवी तिरकी धरून खाचेत सरकवली. “स्स!” ती म्हणाली आणि बोट झटकलं. मग पट्टी दाबली. खट् आवाज आला. तिने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

लॅपटॉप सुरू झालाच नाही. दिवा लागला, आतून तीनदा बीप वाजलं, स्क्रीन काळी. तिने नवी पट्टी काढून जुनी बसवली. तरी तेच. खाच पुसली, पुन्हा बसवली, बॅटरी काढून घातली. बीप. किशोर आत आला, आणि या वेळी त्याने काही विनोद केला नाही. संध्याकाळी त्याने लॅपटॉप ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. बोर्ड गेलाय, त्याने सांगितलं. कशाने गेला ते तो सांगू शकला नाही. जुनी मशीन आहे, म्हणाला.

किशोर रात्री जेवेपर्यंत फोन करत होता. एका मित्राने ऑफिसचा लॅपटॉप आणून दिला, पण त्यात परीक्षेचं सॉफ्टवेअर चढेना. सोमवारी संध्याने कंपनीला फोन केला. पुढची परीक्षा कधी, ते कळवू, असं उत्तर मिळालं. फोन ठेवून ती म्हणाली, “जाऊ दे, वहिनी.” मी दुकानदार काय म्हणाला होता ते तिला सांगायला गेले. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “जाऊ दे ना.” आवाज अगदी सपाट होता. तोच मला सहन झाला नाही.

संक्रांतीनंतर धनराज गाडी घेऊन आला. माणूस वाईट नाही. बाळाची टोपी नीट करत होता, संध्याची पिशवी त्याने स्वतः उचलली. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, “हिला डॉक्टरांना दाखवा. बाळासाठी नाही, हिच्यासाठी.” तो म्हणाला, “हो वहिनी, बघतो.” त्याच्या मागे त्याची आई गाडीत बसली होती.

आता फोन केला की तिची सासूच उचलते. “झोपेल शे ती. बरी शे. पोरगी बी बरी शे.” दर वेळी तेच, झोपलीय, बरी आहे. संध्याला मेसेज केला की फक्त अंगठा येतो. मी एकदा गेले. चहा झाला, पोहे झाले, बाळाचं कौतुक झालं. सासू खोलीतून हलल्या नाहीत. संध्या खिडकीच्या कडेला बसून होती, दाताने ओठाचं साल काढत. निघताना तिने मला मिठी मारली नाही, नुसती कपाळ माझ्या खांद्यावर टेकवून उभी राहिली. घरी आल्यावर किशोर म्हणाला, “सारखं जाऊ नकोस. त्यांना वाटेल, आपण नजर ठेवतोय.” ठेवतेच आहे. पण इथून काय दिसणार?

तुमच्यापैकी कुणी नामपूरकडचं असेल, कांद्याच्या बाजाराला जाणारं, तिथल्या शाळेत शिकवणारं, दवाखान्यात काम करणारं, तर एवढं करा. बाईमाणसाने संध्याकडे जावं. पाणी मागायला म्हणून जा, बाळाला बघायला म्हणून जा. बाळाचं कौतुक झालं की तिच्या सासूबाईंना चहा ठेवायला आत जाऊ द्या. मग संध्याला तिचंच विचारा, बाळाचं नको. ती “बरी आहे” म्हणेल. लगेच उठू नका. थोडा वेळ तिच्याजवळ बसून राहा, आणि पुन्हा विचारा.